'गो ऑफ' : गजर वाजतो, दिवे जातात, दूध नासतं

इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्जबद्दल, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणाऱ्या जोड्यांबद्दल, वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली बरीच पत्रं 'गो ऑफ' या एकाच जोडीभोवती फिरत होती, म्हणून या वेळचं सदर तिलाच दिलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. ती मोठ्याने वाचावीत.

प्रश्न : 'द अलार्म गोज ऑफ अ‍ॅट सिक्स' म्हणजे सहाला गजर वाजतो. 'द स्ट्रीट लाइट्स गो ऑफ अ‍ॅट सिक्स' म्हणजे सहाला रस्त्यावरचे दिवे बंद होतात. एकीकडे सुरू, दुसरीकडे बंद! सातवीतल्या मुलीने यामागचा नियम विचारला, तो मला सांगता आला नाही. (एक पालक, सांगली)

उत्तर : नियम आहे, पण तो 'गो ऑफ'मध्ये सापडणार नाही. तो कर्त्यात शोधायचा. गजर, बंदूक, फटाका, स्मोक अलार्म, कॅमेऱ्याचा फ्लॅश, गाडीतली एअरबॅग या वस्तू एरवी गप्प असतात. त्यांच्यात काहीतरी भरून, ताणून किंवा लावून ठेवलेलं असतं : दारू, स्प्रिंग, ठरवलेली वेळ. ते मोकळं झालं की 'इट वेंट ऑफ'. दिवे, पंखा, हीटर, टीव्ही यांची गोष्ट उलटी. ते कशाला तरी जोडलेले असतात, चालू असतात आणि जोड तुटली की 'दे वेंट ऑफ'. म्हणून मुलीला एकच प्रश्न विचारायला शिकवा : या क्षणाच्या आधी ती वस्तू काय करत होती? गप्प असेल तर वाजली किंवा उडाली. चालू असेल तर बंद पडली.

तरीही पटलं नाही तर मराठीतलं 'सुटणे' पुढे करा. वारा सुटला म्हणजे सुरू झाला, शाळा सुटली म्हणजे संपली. वास सुटतो तेव्हा येऊ लागतो, सवय सुटते तेव्हा जाते. आपला कधी गोंधळ होत नाही, कारण वारा काय आणि शाळा काय हे आपल्याला ठाऊक असतं. बंदुकीपाशी तर दोन्ही भाषा एकाच वाटेवर येतात : 'द गन वेंट ऑफ', गोळी सुटली. मात्र ही तुलना समजण्यापुरतीच. 'द स्कूल वेंट ऑफ' किंवा 'द विंड वेंट ऑफ' असं लिहिलं तर इंग्रजी माणसाला काही बोध होणार नाही.

बंदुकीचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. चकमकीच्या बंदुकीचा घोडा अर्धा ओढून ठेवला की ती सुरक्षित मानली जाई. त्या स्थितीत बार उडाला तर ती 'हाफ-कॉक्ड' उडाली. आज 'डोन्ट गो ऑफ हाफ-कॉक्ड' हे पुरती तयारी नसताना घाईने काही करणाऱ्याला सांगतात. आणि वरच्या 'पॅन'मधली रंजक, म्हणजे आतला बार पेटवणारी थोडी दारू, नुसती भपकन जळून गेली, आतला बार उडालाच नाही, तर तो 'फ्लॅश इन द पॅन'. चार दिवस गाजून विसरल्या गेलेल्या माणसाला हे शब्द आजही लावतात.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. 'माय फोन वेंट ऑफ इन द मीटिंग' याचा अर्थ बैठकीत माझा फोन वाजला. आपल्याकडे बॅटरी संपून फोन बंद पडला तरी हेच वाक्य सर्रास वापरतात, आणि ऐकणाऱ्याचा पुरता गैरसमज होतो. तिथे 'माय फोन डाइड' किंवा 'माय बॅटरी रॅन आउट' म्हणा. गजर थांबला हे सांगायचं असेल तर तिथेही 'वेंट ऑफ' नको. 'द अलार्म स्टॉप्ड' एवढं पुरे.

प्रश्न : मी उपशीर्षकांचं भाषांतर करते. कोर्टातल्या एका प्रसंगात आरोपी म्हणतो, 'द गन जस्ट वेंट ऑफ.' मी 'मी गोळी झाडली' असं केलं, ते संपादकांनी कापलं. अर्थ तोच नाही का? (एक भाषांतरकार, मुंबई)

उत्तर : संपादकांनी योग्य केलं. तुमच्या वाक्यात आरोपी गुन्हा कबूल करतो, मूळ वाक्यात तो नाकारतो.

'गो ऑफ'मध्ये चाप ओढणारा माणूस नसतोच, कर्ता बंदूक असते. कोणी ओढला हे माहीत नाही, सांगायचं नाही, किंवा खरोखर अपघात झाला, अशा तिन्ही वेळी इंग्रजी बोलणारा हेच वाक्य निवडतो. त्यात 'जस्ट' घातलं की 'आपोआप' हा अर्थ आणखी पक्का होतो. मराठीत हा भेद तयारच आहे : 'ही फायर्ड द गन' म्हणजे त्याने गोळी झाडली, 'द गन वेंट ऑफ' म्हणजे गोळी सुटली. तुमच्या वाक्याला 'अहो, गोळी सुटली आपोआप' हे चपखल बसेल.

बॉम्बचंही तसंच. 'अ बॉम्ब वेंट ऑफ' म्हणजे स्फोट झाला. 'स्फोट घडवला' असं म्हणायचं तर मुळात 'सेट ऑफ' किंवा 'डेटोनेटेड' असायला हवं. 'एक्स्प्लोड' दोन्हीकडे चालतं : बॉम्ब 'एक्स्प्लोड' होतो आणि माणूसही तो 'एक्स्प्लोड' करतो. 'गो ऑफ'ला ही मुभा नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत नातवाला 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हटलं तर तो हसला. आम्ही शाळेत हेच शिकलो होतो. चुकलं काय? (एक आजी, पुणे)

उत्तर : काहीच चुकलं नाही, फक्त देश बदलला. अन्न खराब होणं या अर्थी 'गो ऑफ' ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात रोजचं आहे. अमेरिकेत 'द मिल्क हॅज गॉन बॅड', 'इट्स स्पॉइल्ड' किंवा 'इट्स सावर' म्हणतात. तुमचं शालेय इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, नातवाचं अमेरिकन.

ब्रिटिश इंग्रजीतही हा शब्द सगळ्या पदार्थांना लागत नाही. दूध, साय, मटण, मासळी, अंडी, शिजवलेलं अन्न, म्हणजे जिथे वास आणि चव बिघडते, पोटाला धोका होतो, तिथे तो बसतो. शिळ्या पावाला 'स्टेल', खवट तुपाला किंवा खोबऱ्याला 'रॅन्सिड', बुरशी आलेल्या पदार्थाला 'मोल्डी', सादळलेल्या बिस्किटाला 'सॉफ्ट' म्हणावं. आपल्या स्वयंपाकघरात याहून बारीक भेद आहेत. दूध नासतं, भात आंबतो, भाजी उतरते. इंग्रजी या तिन्हींना 'गॉन ऑफ' म्हणून मोकळी होते. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत आणताना नेहमी पदार्थ पाहून शब्द निवडा, 'खराब झालं' एवढ्यावर भागवू नका.

पनीरसाठी लिंबू पिळून दूध फाडलं तर ते 'गॉन ऑफ' नव्हे. ते 'कर्डल' केलेलं. 'गो ऑफ' आपोआप घडतं आणि नको असताना घडतं.

काळाचंही पाहा. फ्रिज उघडून वास घेतल्यावर 'इट हॅज गॉन ऑफ', कारण परिणाम आत्ता समोर आहे. 'इट्स गोइंग ऑफ' म्हणजे बिघडायला लागलं आहे. 'इट विल गो ऑफ' हा बाहेर ठेवू नका असा इशारा. आणि नुसतं 'दिस मिल्क इज ऑफ' किंवा 'इट स्मेल्स ऑफ' हेही पूर्ण वाक्य आहे.

प्रश्न : शारजातल्या साइटवर ब्रिटिश फोरमन सारखं ओरडत असतो : 'हरी अप, इट्स गोइंग ऑफ!' माल तर ताजा असतो. मग खराब काय होतंय? (एक साइट सुपरवायझर, मूळ गाव चिपळूण)

उत्तर : खराब काहीच होत नाही, माल धरायला लागला आहे. ब्रिटिश बांधकामात प्लास्टर, मॉर्टर, काँक्रीट, टाइलचा चिकटा, फिलर हे सगळं 'गो ऑफ' होतं, म्हणजे ओलसर अवस्था सोडून घट्ट व्हायला लागतं. साध्या शब्दकोशांत हा अर्थ बहुधा सापडत नाही, त्यामुळे गोंधळ स्वाभाविक आहे.

हेच वाक्य कधी चांगली बातमी असते, कधी वाईट, आणि ते माल कुठे आहे त्यावर ठरतं. घमेल्यात असलेला माल 'गोइंग ऑफ' असेल तर पटापट लावून टाका. 'गॉन ऑफ' असेल तर तो फेकायचा. त्यात पाणी घालून पुन्हा मऊ करायचा मोह अनेकांना होतो, पण सेटिंग सुरू झाल्यावर पाणी घातलं की बनत आलेली पकड मोडते आणि थर कमजोर राहतो. याउलट टाइल बसवून झाल्यावर 'हॅज द अ‍ॅडहेसिव्ह गॉन ऑफ?' असं विचारलं तर त्याला वर पाय ठेवता येईल का, फटींत ग्राउट भरता येईल का हे जाणून घ्यायचं असतं. तिथे 'येस' हे हवं असलेलं उत्तर.

वेळेचा अंदाज ठेवा. भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलंड सिमेंटचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरं व्हायला हवं. जिप्सम प्लास्टर त्याहून बरंच लवकर धरतं, आणि आखाती उन्हात सगळंच घाईवर येतं. पण 'गॉन ऑफ' म्हणजे पुरती ताकद आली असं नव्हे. काँक्रीटची ताकद नेहमीप्रमाणे २८ दिवसांनी मोजतात. 'गॉन ऑफ' झालेल्या स्लॅबलाही क्युअरिंगचं, म्हणजे तो ओला ठेवण्याचं, पाणी लागतंच.

प्रश्न : 'ही वेंट ऑफ हर', 'ही वेंट ऑफ विथ हर', 'ही वेंट ऑफ ऑन हर'. मधल्या चिमुकल्या शब्दाने खरंच एवढा फरक पडतो का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : संसार मोडण्याइतका पडतो.

'ही वेंट ऑफ हर' म्हणजे त्याचं तिच्यावरचं मन उडालं. हे ब्रिटिश वळण. माणसांइतकंच ते खाण्यापिण्यालाही लागतं : 'आय हॅव गॉन ऑफ टी', चहा नकोसा झाला. 'ही वेंट ऑफ विथ हर' म्हणजे तो तिच्याबरोबर निघून गेला, बहुतेकदा घरच्यांना न सांगता. वस्तूच्या बाबतीत हेच 'विथ' चोरीच्या जवळ जातं. 'समबडी हॅज गॉन ऑफ विथ माय पेन' म्हणजे माझं पेन कोणीतरी लांबवलं, मुद्दाम असो की चुकून. 'ही वेंट ऑफ ऑन हर' हे अमेरिकन : तो तिच्यावर भडकला, नाही नाही ते बोलला. ऑस्ट्रेलियात याच अर्थी 'अ‍ॅट हर' ऐकू येतं. ब्रिटिश माणूस 'ही वेंट ऑफ ऑन वन' म्हणतो, आणि त्यात कोणावर हे सांगायचीही गरज नसते. तो सुरू झाला की थांबत नाही, एवढंच.

पहिल्या वाक्यात 'हर' किंवा 'इट' नेहमी 'ऑफ'नंतर येणार. 'आय हॅव गॉन इट ऑफ' कधीच नाही.

याच कुळातलं 'गो ऑफ ऑन अ टॅन्जंट' म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणं. ब्रिटनमध्ये 'अ‍ॅट अ टॅन्जंट' म्हणतात. भूमितीतली स्पर्शिका वर्तुळाला एका बिंदूत टेकून सरळ निघून जाते, तसं.

प्रश्न : दहावीची मुलं 'आय वेंट ऑफ द अलार्म' आणि 'द बॉम्ब वॉज गॉन ऑफ' असं लिहितात. कितीही सांगा, चूक परत येते. काय करावं? (एक इंग्रजी शिक्षक, लातूर)

उत्तर : पहिली चूक कुठून येते ते मुलांना मराठीतूनच दाखवा. फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे, वाजणे–वाजवणे अशा जोड्या आपण सहज वापरतो. एकीत आपोआप घडतं, दुसरीत कोणीतरी घडवतं. 'गो ऑफ' हे 'वाजणे'च्या बाजूचं, त्याला कर्म लागत नाही. 'वाजवणे'च्या बाजूला 'सेट ऑफ' आहे : 'द स्मोक सेट ऑफ द अलार्म', धुरामुळे अलार्म वाजला. फटाक्यांना 'सेट ऑफ' चालतं, ब्रिटनमध्ये 'लेट ऑफ'ही म्हणतात. 'आय वेंट ऑफ द अलार्म' याचा ब्रिटिश कानाला लागणारा अर्थ 'मला तो अलार्म आवडेनासा झाला' असा आहे. हे वर्गात सांगा, हशा पिकेल आणि वाक्यही लक्षात राहील.

गजर बंद करायचा तर 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. फळ्यावर हे एकच वाक्य लिहा : 'द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ.' पहिल्या 'ऑफ'ने आवाज सुरू झाला, दुसऱ्याने थांबला. त्यातच शब्दांच्या जागेचाही धडा आहे. 'टर्न ऑफ द अलार्म' आणि 'टर्न द अलार्म ऑफ' दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसलं पाहिजे : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चूक. 'सेट ऑफ'लाही हाच नियम.

दुसरी चूक पॅसिव्हच्या (कर्मणी प्रयोगाच्या) सरावातून येते. ज्याला कर्म नाही त्याचा पॅसिव्ह होत नाही, म्हणून 'द बॉम्ब वेंट ऑफ' एवढंच. पॅसिव्ह हवाच असेल तर 'द बॉम्ब वॉज सेट ऑफ'.

'पुट ऑफ द लाइट' आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. समोरच्याला कळतं, पण 'पुट ऑफ'चा पहिला अर्थ पुढे ढकलणं. उत्तरपत्रिकेत 'स्विच ऑफ' लिहायला लावा, वाद नको.

प्रश्न : 'पोलिंग वेंट ऑफ पीसफुली' असं इंग्रजी वर्तमानपत्रांत वाचतो. हे भारतीय इंग्रजी आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : रचना अस्सल ब्रिटिश आहे, आवड आपली. अर्थ 'पार पडलं'. सोबत 'वेल', 'स्मूदली', 'पीसफुली', 'विदाउट अ हिच' असं काहीतरी हवंच. नुसतं 'द मीटिंग वेंट ऑफ' म्हटलं की वाक्य अधांतरी राहतं. बेत यशस्वी झाला असं म्हणायचं असेल तर 'द प्लॅन केम ऑफ', तिथे 'गो' नाही.

प्रश्न : 'बँक ऑफ महाराष्ट्र'मधला 'ऑफ' आणि 'गो ऑफ'मधला 'ऑफ' मराठीत एकच लिहितो. उच्चार वेगळा आहे का? (एक निवृत्त कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : वेगळा आहे. बँकेच्या नावातला शब्द इंग्रजीत आखूड आणि हलका, शेवटी 'व्ह' : साधारण 'अव्ह'. 'गो ऑफ'मधला स्पष्ट 'फ'चा, आणि जोडीतला जोर त्याच्यावर : 'वेंट ऑऽफ'. 'वेंट'वर जोर दिला तर वाक्य परकं वाटतं. पण 'द कार वेंट ऑफ द रोड'मध्ये जोर 'रोड'वर सरकतो, कारण तिथे 'ऑफ' पुढच्या नामाला बांधलेला आहे.

गंमत अशी की मुळात हा एकच शब्द. जुन्या इंग्रजीत 'ऑफ' हे 'अव्ह'चंच जोर दिलेलं रूप होतं. लिहिण्यात दोघांची पक्की फारकत सतराव्या शतकाच्या सुमारास झाली. मूळ अर्थ 'पासून दूर'. त्यातूनच जागेपासून दूर, चालू स्थितीपासून दूर, ताजेपणापासून दूर अशा वाटा फुटल्या.

प्रश्न : शब्दकोशात हे शोधायचं कसं, आणि वहीत लिहायचं कसं? (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : 'ओ' अक्षराखाली शोधू नका. 'गो'ची नोंद काढा आणि तिच्या शेवटी जा. फ्रेझल व्हर्ब्ज तिथे एकत्र, दुसऱ्या शब्दाच्या वर्णानुक्रमाने दिलेली असतात. 'गो ऑफ' आणि 'गो ऑफ समबडी/समथिंग' अशा दोन वेगळ्या नोंदी दिसतील. पहिलीत कर्म नाही, दुसरीत आहे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थी कोशांत काही जोड्यांमध्ये दुहेरी बाण असतो, म्हणजे मध्ये कर्म घालता येतं. 'गो ऑफ'मध्ये तो दिसणार नाही, 'टर्न ऑफ'मध्ये दिसेल.

वहीत 'गो ऑफ = वाजणे, बंद होणे, नासणे' अशी यादी केली तर परीक्षेत ती उपयोगी पडत नाही, कारण कोणता अर्थ कधी घ्यायचा ते तिच्यात नसतं. डावीकडे कर्ता लिहा, उजवीकडे मराठी क्रियापद : गजर – वाजला, गोळी – सुटली, वीज – गेली, अंडी – नासली, प्लास्टर – धरलं, समारंभ (अधिक 'वेल') – पार पडला. कर्ता माणूस असेल तर खाली वेगळा भाग करा आणि तिथे 'ऑफ'नंतरचा शब्दही लिहा : 'टू', 'विथ', 'ऑन', किंवा काहीच नाही.

सरावासाठी सहा वाक्यं. उत्तरं झाकून आधी स्वतः करा.

१. 'द प्लेयर्स हॅव गॉन ऑफ फॉर बॅड लाइट.' २. 'दॅट रेस्टॉरंट हॅज गॉन ऑफ लेटली.' ३. 'द बेबी हॅज जस्ट गॉन ऑफ.' ४. 'द हीटिंग गोज ऑफ अ‍ॅट इलेव्हन.' ५. 'द पार्टी वॉज रिअली गोइंग ऑफ.' ६. 'शी वेंट ऑफ टू वर्क.'

उत्तरं : १. अपुऱ्या प्रकाशामुळे खेळाडू मैदानाबाहेर गेले. २. त्या हॉटेलचा दर्जा अलीकडे घसरला (ब्रिटिश). ३. बाळाला आत्ताच झोप लागली. पूर्ण रूप 'गॉन ऑफ टू स्लीप'. ४. अकराला हीटिंग बंद होतं. ५. पार्टी भलतीच रंगात आली होती (ऑस्ट्रेलियन बोली, परीक्षेत वापरू नये). ६. ती कामावर गेली. इथे 'ऑफ' गाळलं तरी अर्थ राहतो, फक्त घरातून निघाल्याची छटा जाते.